रिकाम्या हॉलचा गारवा

प्रिय ताई,

हातपाय शाबूत आहेत. हे आधी लिहितो, कारण तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस आणि जीव टांगणीला लावून घेतेस. या वेळी क्रमाने वाच. हे पत्र नेहमीसारखं साहेबांच्या टेबलावरून, त्यांनी वाचून, आलेलं नाही. सुट्टीवर निघालेल्या आमच्या आचाऱ्याच्या हाती दिलं आहे. त्याला चहा दे, आणि तो इथल्या गप्पा सांगू लागला तर निम्म्याच खऱ्या मान.

मी इथे नक्की काय करतो, असं तू विचारत होतीस. विजेचं काम, एवढंच मी लिहीत आलो. काम असं आहे: छावणीच्या टोकाला एक मोठा हॉल आहे, तो मी थंड ठेवतो. वरच्या साहेबांनी तिथे बसून लढाई चालवायची, म्हणून तो बांधायला घेतला. छत घालायच्या आत ते साहेब दुसऱ्या शहरात हलले. पण ठेका दिलेला होता, म्हणून हॉल पुरा झाला. आत गालिचा आहे. भिंतभर टीव्हीसारखे पडदे आहेत, त्यांवर काहीच दिसत नाही. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून कुणी फाडलेलं नाही. पाहुणे येतात, फोटो काढतात, वा वा म्हणतात, जातात. एकाने विचारलं, माणूस नाही तर गारवा कशाला? आमचे साहेब म्हणाले, बंद केला तर यंत्रांची वॉरंटी जाते, सर. पाहुण्याने मान डोलावली. मी तिथेच उभा होतो. माझ्या बुटाचा तळ तारेने बांधलेला होता, कारण नवे बूट मागितले की मंजुरी नाही म्हणतात.

शाळेचे गणवेश बेतताना तू कापड कसं फिरवून फिरवून लावतेस, एका पाटलोणीच्या बगलेत दुसरीचा खिसा बसवतेस, ते मला इथे फार आठवतं. इथे कुणी तसं बेतत नाही. हॉलला गारवा हवा, गारव्याला जनरेटर, जनरेटरला डिझेल. डिझेल घाटातून टँकरने येतं आणि घाटात टँकरवर हल्ले होतात, माणसं मरतात. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, ताई. यात गुपित काहीच नाही. जेवताना आम्ही त्यावर विनोद करायचो.

सगळ्यात जास्त ढोल्या करायचा. हाडं मोजून घ्यावीत असा तो, म्हणून ढोल्या. तुझ्याकडे जेवायला आला तेव्हा तू म्हणालीस, ह्याला वाढून काही उपयोग नाही, ह्याचं सगळं बोलण्यातच जातं. तो टँकर चालवायचा. उतरला की हॉलच्या दाराशी येऊन कमरेत वाकायचा आणि आतल्या खुर्च्यांना विचारायचा, काय मंडळी, गारठलात का, शाली आणू का? एकदा साहेबांनी ऐकलं. म्हणाले, फार बोलतोस. तो म्हणाला, सर, ह्या बोलत नाहीत, कुणीतरी बोलायला हवं.

तो घाटात जळाला. टँकर माझ्याकडेच यायचा होता. इथे शोकसभा झाली, साहेबांनी टोपी काढली आणि त्याच्या आईला कळवलं की अत्यावश्यक रसद पोचवताना त्याने देह ठेवला. त्यानंतरचा टँकर आला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, नळी लावायला गेला आणि ती दोनदा त्याच्या हातून खाली पडली. म्हणाला, कुठे ओतू, दादा? मी म्हणालो, कुठेच नाही. आत गेलो, यंत्र बंद केलं, मुख्य फ्यूज काढून खाडकन जमिनीवर आपटले आणि बाहेर येऊन त्याच्याबरोबर चहा प्यायलो. तेवढ्यात हॉल तापला आणि भिंतीवरचा एक पडदा गोंद सुटून खाली आला. तो आवाज मला आवडला, हेही लिहून ठेवतो.

साहेब धावत आले. कुणाच्या हुकमाने? मी म्हणालो, आमच्या घरी रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिला तर ताई पाठीत धपाटा घालते, सर. ड्रायव्हर हसला आणि त्यालाही ओरडा बसला.

आता साहेबांचं म्हणणं असं: लिहून दे की दोस्त गेला म्हणून डोकं फिरलं होतं, दोन आठवडे दवाखान्यात पड, आणि मग इज्जतीने घरी जा. भाऊजींचाही तोच निरोप आला. त्यांनी ओळखीच्या कर्नलला गाठलं, माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांचे आभार मान आणि त्यांना थांबव. माझं डोकं फिरलं नव्हतं. इथे आल्यापासून ते ठिकाणावर होतं असा तो एकच दिवस. शुद्धीवर होतो म्हणून शिक्षा झाली तर ती मी शुद्धीवर राहून भोगीन. नोकरी जाईल, तुरुंगही होईल. तू रडशील, पण मला भित्रा म्हणणार नाहीस, याची खात्री आहे.

परवा चौकशी आहे. तिथे आपल्याकडचे दोन वार्ताहर असतील. तो टँकर कशासाठी येत होता ते मी त्यांच्यासमोर सांगणार आहे, ढोल्याचं नाव घेऊन. म्हणून हे पत्र. तूच लिहिलं होतंस की त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझा मुलगा जखमींची औषधं नेताना गेला. औषधांचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्यावरच ती उभी आहे. वर्तमानपत्रातून तिला हे कळता कामा नये. तू जा. भाऊजींना पाठवू नकोस, शेजारणीला घेऊन जाऊ नकोस. तिच्या शेजारी बस आणि खुर्च्यांचं सांग, प्लास्टिकसकट. ती मला शिव्या देईल, देऊ दे. गप्प बस म्हणून त्याला कळव, असं म्हणेल, तर तेवढं मात्र कळवू नकोस. मी ऐकणार नाही. ती तुला घराबाहेर काढेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

कुठेही ठेवलं तरी तुझाच,
बारक्या