दुर्बिणीत न दिसलेला माणूस

आबा,

रायफलीवरच्या दुर्बिणीवरून आपलं जे वाजलं होतं, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. परवा नातवाने टीव्हीवर शिकारीचा कार्यक्रम लावला, त्यात एका गोऱ्याच्या रायफलीवर मनगटाएवढी जाड दुर्बीण होती, आणि मी जेवता जेवता तुमच्याशी पुन्हा भांडायला लागलो. बायको म्हणाली, कुणाशी पुटपुटताय? म्हटलं, बापाशी. तिला आता सवय झालीय.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पलटणीत निम्मी हयात बंदुका दुरुस्त करण्यात घालवून तुम्ही कतारला गेलात, अरबाबच्या म्हणजे आपल्या मालकाच्या घरच्या रायफली सांभाळायला, आणि मागाहून मला त्याच्याच जीपवर ड्रायव्हर म्हणून ओढून घेतलंत. नळीच्या टोकावरची माशी आणि अलीकडची खाच, नेम धरायला एवढं पुरे, हे तुमचं ठाम मत. "दुर्बिनीत डोळा घातला की दुसरा डोळा मिटतोय गडी. म्होरं काय हाय त्येवढंच दिसतंय, बाजूला कोन हाय त्ये न्हाई." पण माझंही अगदीच चूक नव्हतं. नुसत्या माशीवर नेम धरून अरबाबची पोरं गोळी घालायची ती हरणाच्या पोटात, नाहीतर मागच्या पायात. आतडी वाळूत फरफटवत पळणारं हरीण मी पाहिलंय. दुर्बीण असती तर एका गोळीत सुटलं असतं बिचारं, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "मग मारूच नगा की." पगार मात्र आपण दोघंही त्याचाच घेत होतो.

खोलीत आपल्याबरोबर तिसरा तो बलुची, अरबाबचा स्वयंपाकी. तो रोट्या थापायचा, तुम्ही पिठलं घोटायचात, आणि मिरची कुणी जास्त टाकली यावरून दोघं रोज एकमेकांचा उद्धार करायचात. तुम्ही हवालदार, पण तो मुद्दाम कर्नल म्हणायचा. "कर्नल साब, ये पीला कीचड़ हमारा ऊँट भी नहीं खाएगा," म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. तुमचं एवढं हसू मी घरीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. शिकारीला त्याचं काम वेगळं असे. हरीण पडलं की त्यात धुगधुगी असेपर्यंत बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, नाहीतर ते मांस त्या घरात कुणी खात नसे. आपण हिंदू, ते काम आपलं नव्हे. म्हणून हरीण कोसळलं की तो सुरी घेऊन धावत सुटायचा, आणि तो धावला की सगळ्या बंदुका खाली, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. माशीवरून बघणाऱ्याला तो धावताना दिसायचाच.

त्या हिवाळ्यात अरबाबच्या धाकट्याने विलायतेहून दुर्बीण आणली. तुम्ही तोंड वाकडं केलंत, पण बसवलीत, आणि बसवलीत ती अशी की नेम धरला तिथेच गोळी. वाईट काम करणं तुम्हांला जमायचंच नाही.

दुखान गावाच्या दक्षिणेला, वाळवंटात, सकाळची वेळ. मी जीप थांबवतो. धाकटा बॉनेटवर कोपर टेकून गोळी घालतो, हरीण कोसळतं. बलुची उडी मारून धावतो. तो अर्ध्यात पोचलेला असताना हरीण पुढच्या पायांवर उठतं. धाकट्याचा डोळा काचेलाच चिकटलेला आहे. तुम्ही ओरडता, "मत मारो, आदमी है!" आणि गोळी सुटते. बलुची खाली बसला, बुटात खडा गेल्यासारखा. मांडीच्या वरून रक्त उसळत होतं. तुम्ही कंबरेचा पट्टा काढून आवळलात, मूठ जखमेत कोंबलीत, मी जीप जितकी पळेल तितकी पळवली. रक्त पत्र्यावरून वाहत माझ्या चपलांखाली आलं, ब्रेकवरून पाय घसरत होता. "कर्नल साब, पानी," एवढंच तो म्हणाला. वस्तीचा दवाखाना दिसायच्या आत तो तुमच्या मांडीवर गेला.

शेजारच्या सीटवर धाकटा रायफल उराशी धरून रडत होता. "वल्लाह, दिखा नहीं. दूरबीन में दिखा नहीं." तो खोटं बोलत नव्हता, आबा. तुम्हांलाही ते कळत होतं. दवाखान्यापाशी जीप थांबली तशी तुम्ही खाली उतरलात, त्याला हाताला धरून उतरवलंत, त्याच्याकडून रायफल अलगद काढून घेतलीत. बोल्ट ओढून आतली गोळी वाळूत पाडलीत. त्या रागातसुद्धा बंदूक आधी रिकामी केलीत. मग दस्ता त्याच्या तोंडावर हाणलात. नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा फटका दातांवर बसला. मी मागून येऊन तुम्हांला धरलं, तरी तिसरा बसलाच, आणि तो पडला तेव्हा दवाखान्यातली माणसं धावत आली.

आता तुमचा हात तोडतात की मान, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अरबाबने पोलिसांना कळवलं नाही. "तुझा माणूस गेला, माझ्या पोराचं तोंड गेलं. खलास," म्हणाला, आणि त्याच्याकडे ठेवलेले आपले पासपोर्ट समोर टाकले. बलुचीला तिथेच पुरलं, आपल्याला मातीला जाऊ दिलं नाही.

घरी आल्यावर आई माझ्यावरच उखडली. "त्येंचं डोस्कं फिरलं हुतं, पर तू तरी धरायचंस की रं!" तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "धरलं हुतं त्यानं. माझंच बळ लई." त्यानंतर तुम्ही पाच-सहा वर्षं जगलात, आणि मी ते वाक्य तसंच राहू दिलं. गावातही सगळे तेच सांगतात, पोराने बिचाऱ्याने किती अडवलं. हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहितो. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, मी चोविशीतला, रोज जीपचं चाक एकट्याने उचलणारा. मी तुम्हांला कंबरेला धरलं होतं, आबा. हात मोकळे सोडले होते.