व्हॅनिलाला आठ गुण

डोंबिवली, ९ जानेवारी १९९४

प्रिय सौ. शेवंतीस,
अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी मजेत आहे. आपल्या दौलतने दुकानात नवे सुगंधी चहा आणलेत: व्हॅनिला, चॉकलेट, केशरपिस्ता. मी चाखून मास्तरासारखे दहापैकी गुण देतो, पाकिटावर लावायला दोन ओळींची कविताही जुळवतो. गिऱ्हाइकं ती वाचून चहा घेतात म्हणे.

काल बशीत ओतून प्यालो आणि व्हॅनिलाला आठ गुण दिले. सूनबाई रतन हसतच सुटली. "अहो अण्णा, हा आपला रोजचा चहा! व्हॅनिला अजून गॅसवर आहे."

"सर्दी झालीय त्यांना," दौलत म्हणाला. मीही हो म्हटलं.

सर्दी नाही गं. दिवाळीपासून मला कशाचाच वास येत नाही. पाकिटावरचं नाव वाचतो आणि आपल्या लग्नातली बासुंदी आठवून लिहितो. मुलाला सांगवत नाही. दिवसभर गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या घालतो.

एक कर. तुळस, पुदिना, गवती चहा, परसातला कुठलाही एक पाला बारीक चुरडून पुढच्या पत्रात घाल. कुठला, ते मात्र लिहू नकोस.

तुझाच,
दामाजी