पिपातलं औषध

निमगाव केतकी, ता. इंदापूर
१९ जानेवारी १९९७

चि. दीपक यास आबाचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, पण तीही बरी आहे. गुऱ्हाळ सुरू होऊन सव्वा महिना झाला, ऊस यंदा रसाला चांगला आहे. म्हैस व्याली, रेडा झाला.

वालचंदनगरचा मानसिंग अमेरिकेतून सुट्टीवर आला तेव्हा तुझी बाटली आणि चिठ्ठी देऊन गेला. बाटली फुटली नाही, स्वेटरात गुंडाळून आणली म्हणे. चिठ्ठी मी चार वेळा वाचली. तू लिहिलंस, 'आबा, हा माझ्या हातचा पहिला माल. बाप म्हणून नको, गुळव्या म्हणून चाखा आणि कसा उतरलाय ते कळवा. आणि गावात माझ्याबद्दल खरं सांगाल तेव्हाच मी घरी येईन.' दोन कामं सांगितलीस. त्यातलं पहिलं मला सोपं वाटलं होतं.

खोटं मीच सुरू केलं हे तुला ठाऊक आहे, पण ते मी कुठवर नेलं हे ठाऊक नाही. पोरगा शिकागोला औषधाच्या कारखान्यात आहे असं गावाला सांगितलं, मग आईलाही तेच सांगावं लागलं. तिला वाचता येत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. तू जिथं बियर लिहितोस तिथं मी औषध म्हणतो. तुमच्या बियरला जत्रेत दुसरं बक्षीस मिळालं, त्या पत्रावर तिनं विचारलं की औषधाचीपण जत्रा भरते का. मी म्हणालो, अमेरिकेत आजारी माणसं फार.

दोन वर्षांमागं तू आलास, स्टँडवर लोकांनी तुझ्याकडं खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि तू दोन दिवस आधीच निघून गेलास. तेव्हा आईला मी सांगितलं होतं, कारखान्यातून तार आली.

तर बाटली मी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली. चाखायचा धीर होईना. बुधवारी गुळाच्या ढेपा घेऊन बारामतीला मार्केट यार्डात गेलो, आणि इकडं तुझी आई दळणासाठी ज्वारी काढायला गेली.

मुक्ताआत्या आठ दिवस खोकत होती. आईच्या हाताला बाटली लागली. वर लेबल नाही, फक्त तुझ्या अक्षरात तारीख. वाचता येत नसलं तरी तुझ्या अक्षराचं वळण ती ओळखते. लेकाचं औषध घरात असताना नवरा ते लपवून ठेवतो आणि नणंद खोकून मरते, याचा तिला राग आला. तिनं आडकित्त्यानं बूच उपटलं. आतला माल काळा, दाट, कडू. म्हणजे गुणकारी असणार. आत्याला अर्धं फुलपात्र दिलं. पाव तासात खोकला थांबला आणि आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागली. जातं घरात नाही, हे तुला माहीत आहेच.

मग आळी लोटली. प्रत्येकी दोन चमचे. हिंदुराव तात्यासुद्धा छाती भरली म्हणून आले. तीस वर्षांचे माळकरी, चातुर्मासात कांद्याला शिवत नाहीत, गाव ज्यांच्या शब्दाबाहेर नाही, ते तात्या.

मी संध्याकाळी परत आलो तर ओसरीवर आठ माणसं आणि सगळ्यांची मनं प्रसन्न. भामाबाई आणि तिची सून एका घोंगडीवर बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. तात्या म्हणाले, "दत्तोबा, पोरानं गुणाचं औषध काढलंय. गावानं त्याचा सत्कार कराय पायजे." शाल, नारळ, पुढल्या वेळी तू आलास की शाळेच्या पटांगणात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नुसतं व्हय म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण तसल्या सत्काराला तू आला नसतास.

बाटलीत तीन बोटं माल उरला होता. आईच्या हातातून ती घेतली आणि काहिलीजवळ चाखतो तसा उभ्यानं, डोळे मिटून चाखला.

आधी वास. काहिलीच्या बुडाला पाक धरतो, तो करपट वास. मनात म्हटलं, पोरानं माल घालवला. जिभेवर घेतला तर करपट कुठंच नाही. काकवी, तीही मुरलेली. मग कडू, पण कडुलिंबाच्या पाल्याचं नव्हे, भाजलेल्या चिंचोक्याचं. त्यामागून सुताराच्या खोपटातला, नव्या चौकटीचा वास आणि अगदी शेवटी आइस्क्रीमचा. आइस्क्रीम कुठून आलं ते तूच कळव. गिळल्यावर छातीत चुलवाण पेटलं आणि बराच वेळ विझलं नाही. गोडी थोडी जास्त आहे, तिकडं लक्ष दे. दारूच्या रिकाम्या पिपात शंभर दिवस मुरवता म्हणून लिहिलंस. इथं लोणच्याच्या बरणीत तूप ठेवलं तर तुझी आई घर डोक्यावर घेते, आणि तुम्ही त्याचा चढा भाव घेता. पण पिपानं काम केलंय हे कबूल.

दुसरा घोट घेतला तो काही तपासायला नव्हता.

तू नऊ वर्षांचा असताना पळीवरचा पाक चाखून उतरवायची वेळ माझ्याआधी सांगायचास. मी कधी शाबास म्हणालो नाही, पोर शेफारेल असं वाटायचं. बुधवारी ओसरीवर मला तीच जीभ कळली. असा माल काढणाऱ्याला मी पाच वर्षं गोळ्या विकायला लावल्या.

मी म्हणालो, "तात्या, हे औषध न्हाय. ही बियर हाय. दीपक बियरच्या कारखान्यात हाय, मी तुमाला खोटं सांगितलं."

तात्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. आत्यानं विचारलं, "म्हंजी मी दारू प्याले?" मी म्हणालो, व्हय आक्का. ती म्हणाली, "पर खोकला गेला की." तात्या उठले आणि देवळात गेले. गुरुवारी दिवसभर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

शुक्रवारी ते गुऱ्हाळावर आले. मी पाया पडलो. म्हणाले, "पाप तुजं हाय, दत्तोबा. माजं मी देवाला सांगितलं. सत्कार रद्द." जायला निघाले आणि चार पावलांवरून परत आले. "दुसरा चमचा मी मागून घेतला व्हता. त्ये कुणाला बोलू नगंस." मी कुणाला बोललो नाही. तू गावचा असलास तरी शिकागोला आहेस, म्हणून लिहिलं.

आता आईचं. तिला बियरचा राग नाही. तिनं ट्रंकेतली तुझी सगळी पत्रं काढली आणि शेजारच्या दिपालीकडून पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतेय. तीन दिवस वाचन चाललंय, मी बाहेर ओसरीवर बसून ऐकतो. जत्रेच्या बक्षिसाला ती खूप हसली. काल मात्र एका पत्रापाशी दिपाली थांबली. तू लिहिलं होतंस, 'आबांना माझी लाज वाटते का?' आई बाहेर आली. बुधवारनंतर ती माझ्याशी एवढं एकच बोलली: "ह्ये वाक्य तुमी मला कवाच वाचून दावलं न्हाय."

नाही वाचलं. त्याचं उत्तरही दिलं नाही. आज देतो. वाटत होती, दीपक. माळकऱ्यांच्या आळीत राहून मला लोकांची भीती वाटली आणि ती मी तुझ्या नावावर टाकली. चूक माझी आहे.

कालच यार्डातल्या अडत्यानं विचारलं, पोरगा काय करतो. मी सांगितलं, बियर करतो. तो म्हणाला, कशी असते? मी त्याला काकवीपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं ऐकवलं. त्यात ढेपांचा सौदा राहून गेला.

आत्याचा निरोप आहे की खोकला परत आलाय. आईनं काही सांगितलं नाही, पण तुझी गोधडी उन्हात टाकलीय. दोन्ही कामं झाली. माल चांगला उतरलाय, ये.

तुझा आबा,
दत्तोबा गुळव्या,
बियर करणाऱ्या दीपकचा बाप