उनोसुकेचे पान

तेनमेई तिसरे वर्ष, दहावा महिना, पंचवीस तारीख, सर्पप्रहर, सकाळचे दहा. नव्या घराच्या उंबऱ्यापाशी पाय धूत होतो. आतून ओतोसेबाई म्हणाल्या, पाणी गार आहे रे बाळा, बेताने घे. मला आई मिळाली! असामाचा ज्वालामुखी फुटला तेव्हा मी मीठ आणायला परगावी गेलो होतो. माझी माणसे चिखलाखाली गेली. या गावात ओतोसेबाईंचा मुलगा उनोसुके गेला. उरलेल्यांची घरे गावप्रमुखांनी नव्याने जुळवली: विधुराला विधवा, पोरक्याला आई. चुलीजवळची उनोसुकेची जागा मला मिळाली. शेजारचे गेनपाचीकाका म्हणाले, ओतोसे, मजा आहे तुझी, ना बाळंतपण, ना रात्रीची रडारड, एकदम मिशीवाला मुलगा! आता मी थंडीत बाहेर उपाशी मरणार नाही.

अठ्ठावीस तारीख. आई माझ्या शेजारी आणखी एक पान मांडते. गरम भात, वाडग्यावर झाकण. प्रवासाला गेलेल्या माणसासाठी मांडतात तसे. झाकणाला आतून थेंब आले की माणूस सुखरूप. आई मला थेंब दाखवते. गरम भाताला थेंब येणारच, पण मी मान डोलावली. गेनपाचीकाका मात्र भडकले. मेलेल्याला धूप दाखवतात, ओतोसे, प्रवाशाचं पान मांडत नाहीत. रोज जेवायला मिळालं तर आपण मेलोय हे त्याला कळायचं कसं? आई म्हणाली, माझ्या लेकाचं प्रेत पाहिलंय का तुम्ही?

अकरावा महिना, दोन तारीख. आज भात गार होता. तरी झाकणाला थेंब आले. करडे. थोड्या वेळाने वाडगा रिकामा होता. आई आनंदाने रडली. मी खाल्ला नव्हता.

पाच तारीख. सकाळी बर्फ पडले. देवळाच्या पायऱ्या जिथे चिखलात बुडाल्या आहेत, तिथून पावले वर आली आहेत. तिथपर्यंत जाणारी पावले कुठेच नाहीत. ती आमच्या दारापाशी संपतात. त्यांतला चिखल कोमट आहे.

सहा तारीख. काका कुजबुजले, भातात जेवायच्या काड्या उभ्या रोव पोरा, मयताच्या भातात रोवतात तशा. समजेल त्याला. आई पाण्याला गेल्यावर रोवल्या. ती लवकर परतली. मारले नाही. एवढेच म्हणाली, माझा मुलगा मेला नव्हता, तू मारलास.

सात तारीख. माझ्या वाडग्यात काड्या उभ्या. आई शपथ घेऊन सांगते, तिने नाही —

आठ तारीख. घाट बर्फाने बंद. काकांचे दार ठोठावले. आतून म्हणाले, माझ्याकडे जागा नाही रे, जा. रडत होते.

नऊ तारीख. आई चुलीपाशी बोलते. मी गप्प असतो, तरी कोणीतरी तिला उत्तर देते —

दहा तारीख. भर दुपार. दार उघडले. आई म्हणते, सरक ना बाळा, दादा दमून आलाय. मी विचारले, आई, मी कुठे जाऊ? ती म्हणाली, त्याची चिखलाखालची जागा आता रिकामीच आहे ना.

दोघेही थांबले आहेत. वहीतला हिशेब पुरा करू द्या म्हटले.

खर्च: धूप, आठ मोन. दिव्याचे तेल, बारा मोन.

देणे: गेनपाचीकाकांचे, वहाणांचे, चाळीस मोन. आईचे काही नाही — आई, एकच ओळ, एकच ओळ लिहू दे, आ