हाडाच्या मुठीवरची हळद

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
३ ऑक्टोबर २०२५

ती. नीताताईस,
सा. न. वि. वि. या वेळचा साष्टांग खरोखरचा आहे. का, ते पुढे वाच आणि मग रागाव.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून नेहमीप्रमाणे पत्राचा फोटो पाठवतो आहे. सूनबाईला म्हणावं, मोठा करून दाखव. आम्ही सगळे मजेत आहोत. सुचित्राच्या गुडघ्याला आराम आहे. नुपूर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला अजूनही इंग्रजीतच उत्तर देते.

अल वक्राचे हमीदसाहेब तुला माहीत आहेत. बंदरातून निवृत्त झालेले, जुनी रिव्हॉल्वरं जमवणारे. त्यातही एकाच जातीची: दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो, ती. सगळ्यांची सरकारी नोंद आहे. मी परका माणूस, मला एकही ठेवता येत नाही. पण दर शुक्रवारी त्यांच्या टेबलाशी माझी खुर्ची ठरलेली. ते नळीवरचे शिक्के पाहतात, मी स्क्रू आणि नंबर. तू याला म्हाताऱ्यांची भातुकली म्हणतेस. म्हण बापडी.

तर ती बनवणाऱ्या कारखान्यानं एका वर्षी थोड्याच रिव्हॉल्वरांना लाकडाऐवजी हाडाची मूठ बसवली होती. नंतर लोकांनी घरी बसवलेल्या पुष्कळ सापडतात, कारखान्यातली सापडत नाही. ती मला सापडली, ताई! एका लिलावाच्या फोटोत, अर्ध्या झाकलेल्या मुठीवरून मी ओळखली. हमीदसाहेबांनी घेतली, कागदपत्रं होता होता वर्ष गेलं, आणि परवा बुधवारी ती टेबलावर आली. मूठ उघडली तर आतल्या बाजूला पेन्सिलनं तोच नंबर, जो लोखंडावर. मला तर नाचावंसं वाटलं.

आता खरी गोष्ट. बुधवारी खंडेनवमी. सकाळी गाडीची, ऑफिसातल्या पान्यांची, माझ्या व्हर्नियरची पूजा केली होती आणि ओल्या हळदीची डबी खिशातच राहिली. संध्याकाळी हमीदसाहेब मगरीबच्या नमाजाला आत गेले. मी एकटा, समोर ते शस्त्र, तिथी ती. बोट डबीत गेलं आणि मुठीवर टेकलं. कधी टेकलं ते मलाच कळलं नाही असं लिहिणार होतो, पण कळलं होतं.

पुसायला गेलो तर हाडानं रंग पिऊन टाकलेला. घाबरून मोरीवरच्या साबणाचा फेस लावला, तर पिवळ्याचं लालभडक झालं! तेवढ्यात ते परत आले. मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं आणि डोकं दुखतंय म्हणून निघालो. ते दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाकडे मस्कतला गेले, पुढच्या शुक्रवारी येतील. त्यांच्या घराची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. तू शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस, काहीतरी सांग. नाहीतर तशीच नवी मूठ कुठून मिळते का ते बघतो.

तुझ्या रागासकट लोभ हवाच आहे.
तुझा,
सदानंद


नाशिक
४ ऑक्टोबर २०२५

चि. सदानंद यास,
अ. उ. आ. आशीर्वाद दिले आहेत, आता कान इकडे कर.

अरे गाढवा, हळदीला साबण लावलास? कुंकू कशाचं करतात? हळदीला चुना लागला की ती लाल होते, साबणानंही तेच होतं. आठवीतली पोरं हा प्रयोग करून एकमेकांचे शर्ट रंगवायची आणि मी ओरडायची. साध्या ओल्या फडक्यानं साबण निघाला की ते परत पिवळं पडेल. हळदीचा पिवळा रंग उन्हाला टिकत नाही. काचेतून येणारं सकाळचं कोवळं ऊन रोज थोडा वेळ दाखवलं की उतरेल. तुमच्या तिथल्या दुपारच्या भट्टीत ठेवू नकोस, हाड तडकेल.

पण यातलं काहीही तू करायचं नाहीस. आधी त्या माणसाला सांगायचं, मग त्याची परवानगी असेल तर फडकं हातात घ्यायचं. नवी मूठ बसवायची भाषा तर पुन्हा काढू नकोस. आतला नंबर काय तू पेन्सिलनं लिहिणार आहेस? मग तुझ्यात आणि भामट्यात फरक काय राहिला?

आणि डाग ही लहान गोष्ट आहे. वस्तू त्यांची, घर त्यांचं, धर्म त्यांचा वेगळा. त्यांना न विचारता तू तिची पूजा केलीस. माझ्या देव्हाऱ्यात कुणी मला न सांगता काही ठेवून गेलं तर मी काय म्हणेन, ते तू जाणतोस. मला वाईट वाटलं रे. तुझा हेतू वाईट नव्हता हेही कळतं, म्हणून जास्त वाटलं.

सुचित्राला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग. नुपूरला पापा.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
नीताताई


दोहा
११ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सांगितलं.

आदल्या रात्री सुचित्रा म्हणाली की मी बरोबर येते. नुपूरनं इंग्रजीत एका वाक्यात निकाल लावला, की बाबा, सांगून मोकळे व्हा. शेवटी एकटाच गेलो. कपाट उघडलं, फडकं सोडलं, लाल डाग दाखवला आणि खंडेनवमी म्हणजे काय इथपासून सगळं सांगितलं. त्यांना हिंदी येतं, पण माझंच हिंदी त्या वेळी मला येईना. तुझा उन्हाचा उपायही सांगितला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावून डाग पाहिला, चष्मा काढला, किल्ली मागून घेतली आणि मला म्हणाले की घरी जा. चहासुद्धा आला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून मी चहाशिवाय उठलेलो नाही.

गाडीत बसलो तेव्हा रडू आलं, लाज वाटत नाही सांगायला. रिव्हॉल्वर काय, ते त्यांचंच होतं. पण या गावात ऑफिस आणि घर सोडून माझी म्हणावी अशी जागा ती एकच, आणि ती मी माझ्या हातानं घालवली असं वाटतंय. फोन करून माफी मागू का? सुचित्रा म्हणते, दिवाळीचा फराळ होतोच आहे, मोठा डबा भरून पाठवू.

कळव लवकर. लोभाची आत्ता फार गरज आहे.
सदू


नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सदूस,
अ. उ. आ. रडलास हे बरं केलंस, सर्दी समजून नाक पुसत बसू नकोस.

फोन करू नकोस. एकदा माफी मागितली ना, आता त्यांना रागावू दे. रागावायचा त्यांना हक्क आहे आणि वेळही त्यांचा ते घेतील. आपण रोज उठून माफी मागायला लागलो की समोरच्याला आपलीच समजूत काढत बसावं लागतं.

फराळ दरवर्षी जेवढा जातो तेवढाच पाठवा, त्याच डब्यात. मोठा डबा गेला की ती लाच झाली. सुचित्राला सांग, चकलीचं मोहन बेतानं घाल, मागच्या वेळी तुकडे झाले होते म्हणे.

खायला विसरू नकोस. इथे मी आहे.
ताई


दोहा
२५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र सूनबाईकडून दोनदा वाचून घे.

लक्ष्मीपूजनाला नेहमीचा डबा ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. निरोप काही आला नाही. काल शुक्रवारी मी घरीच लोळत होतो, तर चारला फोन. हमीदसाहेब विचारत होते की आज गाडी बिघडली आहे का. मग म्हणाले, यल्ला, म्हणजे चल, ये. एवढंच! मी शर्टाची बटणं जिन्यात लावली.

गेलो तर खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर ते रिव्हॉल्वर. ताई, ते स्वतः रोज सकाळी फजरच्या नमाजानंतर तुझं कोवळं ऊन त्याला दाखवत होते. लाल गेलं, पिवळंही जवळजवळ गेलं. कडेला नखाएवढी फिकट झाक उरली आहे. तुझ्या बहिणीला शुक्रन, म्हणजे आभार, सांग, म्हणाले.

मग मला खुर्चीवर बसवून बोलले. हळदीचा त्यांचा राग दोन दिवसांत गेला होता. उरला तो वेगळाच. म्हणाले की मी नमाजासाठी आत गेलो, माझी पाठ वळली, तेव्हा तू हे केलंस. माझ्यासमोर डबी काढली असतीस तर मी नको म्हटलं असतं, तू परत खिशात ठेवली असतीस, खलास, आपण चहा प्यायलो असतो. खरं होतं.

पुढचंही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते आवडलं. त्यांच्या शस्त्रांना हळद लागायची नाही, आता नाही आणि पुढेही नाही. पण माझं व्हर्नियर, माझे पाने हे माझे. पुढच्या खंडेनवमीला ते घेऊन यायचे, त्याच टेबलावर मांडायचे आणि त्यांच्यासमोर पूजा करायची. ते शेजारी बसून बघणार आहेत.

चहा आला. चकल्या संपल्याचं कळलं, तुकडे झाले नव्हते. मग ते उठून आतून एक लाकडी पेटी घेऊन आले. वरची तारीख पाहिली तर दहा ऑक्टोबर, म्हणजे ज्या दिवशी त्यांनी मला घरी जा म्हटलं, त्याच दिवशी आलेली. खिळे जसेच्या तसे. चिठ्ठीवर नाव होतं ते ज्या आणखी एका मॉडेलसाठी आम्ही तीन वर्षं डोळे फोडले त्याचं, आणि हा माणूस दोन आठवडे ती पेटी घरात ठेवून तिच्या शेजारून ये-जा करत होता. मी विचारलं, उघडली का नाही. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, एकट्यानं उघडण्यात काय मजा आहे.

तुझ्या पाया पडतो. लोभ आहे तसाच राहू दे, आता तो मला पुरतो.
तुझा,
सदू