हो म्हणाली

डॅडी, तुमची गळांची पेटी आज उघडली. मम्मी डिसेंबरात कायमची वसईला जाते आहे. सामान बांधताना तिने बाल्कनीतल्या गळाच्या दोन काठ्या भिंतीपासून हलवल्या आणि विचारलं, "यांचं काय करायचं?" मी म्हटलं, बघू. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. इथे आखातात, अजमानमधला सप्टेंबर तुमच्या वेळेसारखाच आहे. एसीचं पाणी ठिबकतं, समुद्र अंघोळीच्या पाण्याइतका कोमट, मासे खोल गेलेले. याच दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून येत्या मोसमाचं ठरवायचात.

तुम्ही रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात होतात. आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहून गुरुवारी संध्याकाळी घरी यायचात, भुवयांत सिमेंट घेऊन. सुट्टीचा शुक्रवार तेवढा एक. त्यातली पहाट धक्क्यावर, साडेदहाला चर्चमध्ये मिस्सा, जेवून झोप, आणि दिवस कलला की पुन्हा गाडी. "आठवड्यात एक दिवस घरी, तोही माशांना," मम्मी कांदा चिरताना म्हणायची. तुम्ही महिना संपण्याआधीच कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडायचात. "आता तारखा कुठे बघू?" ती विचारायची. पानामागे तुम्ही तीन ओळी लिहायचात. दर वर्षी तीनच. चौथी लक्षात कोण ठेवणार, असं तुमचं म्हणणं.

अशाच एका सप्टेंबरात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी गृहपाठ करते आहे. पंधरा वर्षांची आहे. तुम्ही पेन्सिल थांबवून विचारता, "बाय, येतेस का यंदा मासे गरवायला?" मी म्हणते, "इट्स सो बोअरिंग, डॅडी." तुम्ही म्हणता, "मासा इंग्रजीत चावत नाही. मराठीत सांग." मी मान वर न करता म्हणते, "इन्शाल्ला."

त्या शब्दाचे दोन प्रकार तुम्हीच आम्हाला शिकवले होते. जेवायला पाहुणे असले की हमखास सांगायचात. रजेच्या अर्जावर मॅनेजर इन्शाल्ला म्हणाला की समजायचं, खलास, रजा गेली. पण धक्क्यावरचा म्हातारा होडीवाला 'बुकरा, इन्शाल्ला' म्हणाला, तर उद्या पहाटे पाचला तो आपल्या आधी हजर. मी म्हटलं ते ऑफिसातलं होतं. ते तुम्हाला कळलं असेल असं मी धरून चालले. ज्याने फरक शिकवला, त्याला फरक कळणारच.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तुम्ही माझ्या दारावर दोनदा बोट वाजवलंत. त्या आठवड्यात तुम्ही दुसरी काठी आणली होती, हलकी, मुठीला दोरा गुंडाळलेली. मी उठले नाही. सूर्य वर आल्यावर तुम्ही परत आलात आणि आमिषासाठी आणलेली कोळंबी सिंकमध्ये सोलायला बसलात. मम्मीने विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "वारा आहे." वारा नव्हता. समोरच्या गच्चीवरचे कपडे सरळ लोंबत होते. मिस्साहून आल्यावर त्या कोळंबीचं कालवण झालं. तुम्ही आधी मला वाढलंत आणि म्हणालात, "कडक झाली का गं?" मी नाही म्हटलं. त्यानंतर तुम्ही मला विचारलं नाहीत. दोन मोसमांनंतर तुम्हीच नव्हतात.

आज पेटीत शिशाच्या वजनांखाली त्या वर्षीचं पान सापडलं. पहिली ओळ: हामूर, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. दुसरी: लहान मासा परत पाण्यात, मोह नको. तिसरी: बायसोबत एक शुक्रवार. तिच्यापुढे, जरा बारीक अक्षरात: हो म्हणाली.

मग मी भिंतीवरचं यंदाचं सप्टेंबरचं पान फाडलं. लिहिलं, गाठ स्वतः बांधायची. त्याखाली लिहिलं, एक शेरी मासळी, कितीही लहान. नंतर दुसरी ओळ पुसली, कारण लहान असली तर ती परत सोडावी लागेल. पुन्हा लिहिली. तिसऱ्या ओळीशी पेन्सिल अडली. उठून पाणी प्यायले. हलक्या काठीचं रीळ फिरवून पाहिलं, ते गंजलं आहे. शिलाईच्या मशीनचं तेल दोन थेंब घातलं तेव्हा करकरत फिरलं. पुन्हा येऊन बसले आणि तीन ओळींऐवजी हे लिहायला लागले. तेव्हा आता खरं ते सांगूनच टाकते. त्या पहाटे मी झोपले नव्हते. तुम्ही खाली गेल्यावर मी पडद्याआडून पाहत होते. गाडीतला दिवा लागलेला होता, मागच्या काचेतून दोन्ही काठ्यांची टोकं बाहेर आली होती. तुम्ही एकदा वर बघितलंत. मी मागे सरले. एवढ्या वर्षांत मम्मीलाही हेच सांगत आले, की मला जागच आली नाही.

आतून मम्मीने आवाज दिला, "काय खरडते आहेस मघापासून?"

"मोसमाचं."

चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "जाणार असशील तर या शुक्रवारी जा. मिस्साच्या आत परत यायचं. मीपण येते, गाडीत बसेन."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"कुठलं?" तिने विचारलं.

मी हे पान तुमच्या पानाच्या घडीत घालून पेटी बंद केली, पण हे पुढचं लिहायला ती पुन्हा उघडावी लागली. तिसरी ओळ अजून कोरीच आहे. फ्रीझरमधली कोळंबी मात्र मी आमिषासाठी बाहेर काढून ठेवली आहे. आज मंगळवार आहे, डॅडी. शुक्रवारपर्यंत ती टिकायची नाही, हे मला काढतानाच माहीत होतं.