नळीवरची ओल

७ सप्टेंबर

आदेश आला. सकाळी साहेबांनी चहा पिता पिता हातात ठेवला. म्हणाले, "वाचा बाई, आणि मग झोप उडाली असं म्हणू नका."

आमच्यासारख्याच विमानांत वर्षभरात दोनदा इंजिनाला आग लागली. एक कसंबसं उतरलं. दुसरं समुद्रात. कारण एकच — इंजिनाच्या पोटाखालून जाणारी इंधनाची नळी. एका खेपेत बनलेल्या नळ्यांचे जोड कच्चे निघाले आहेत. थरथरीने तडा जातो, इंधन तापलेल्या भागावर उडतं, पुढचं सांगायला नको. त्या खेपेच्या सगळ्या नळ्या बदलायच्याच. मुदत महिन्याची. तोवर प्रत्येक उड्डाणाआधी झाकण उघडून तपासायचं. तपासणाऱ्याला शंका आली तर विमान जागेवर.

तपासणारी म्हणजे मी.

लगेच नळ्यांवरचे नंबर पाहिले. डाव्या इंजिनाची जुनी आहे, ती सुटली. उजवी त्याच खेपेतली! कारखान्याला कळवलं. रांग आहे म्हणतात. जो तो तीच नळी मागतोय.

९ सप्टेंबर

तपासली. कोरडी. सही केली. बेटावर जाऊन आलं विमान.

ताईचा बेटावरून फोन. सातवा सरला. बेटावरचे डॉक्टर म्हणतात, बाळ आडवं आहे, ताईचं वय आहे, रक्तदाब वर-खाली होतोय — महिनाअखेरीस इकडे मोठ्या हॉस्पिटलात यायचं, आणि विमानानेच. बोटीचे दिवसभराचे धक्के नकोत. "म्हणजे तुझ्याच विमानानं," ताई म्हणाली. "जागा राखून ठेव गं, दोघांची." किती वर्षांनी तिचा आवाज असा ऐकला!

आईने झबली शिवायला काढली आहेत. इतक्यात नको म्हटलं तर म्हणाली, तू तुझ्या इंजिनात बघ.

१३ सप्टेंबर

आज नळीच्या जोडापाशी ओल दिसली.

ओल म्हणण्याइतकीही नाही. बोट फिरवलं तर किंचित चिकट. पुसली. इंजिन चालवलं, बंद केलं, पुन्हा पाहिलं — कोरडं. तासाभराने पुन्हा तेच, नखाएवढा डाग. वास घेतला. पण त्या पोटात सगळ्यालाच इंधनाचा वास येतो. वरून कुठून झिरपतंय का पाहिलं. वर कोरडं.

आमचा फिटर आरसा धरून उभा होता. त्याला सगळे 'घाई' म्हणतात, कारण आयुष्यात त्याने ती कधी केलेली नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "असेलही आणि नसेलही." त्याच्या तोंडून याहून पक्कं मत कोणी ऐकलेलं नाही.

सही केली नाही.

१४ सप्टेंबर

साहेबांच्या खोलीत. दार लावून.

"आदेशात महिना दिलाय. तुम्ही तो महिना खाताय."

"शंका आली तर जागेवर, असंही दिलंय."

"बाई, लोक दुधाने पोळल्यावर ताक फुंकून पितात. आपलं तर अजून दूधही तापलेलं नाही!"

बेटाच्या आखूड धावपट्टीवर उतरू शकेल असं दुसरं विमान आमच्याकडे नाही, हे मला का माहीत नाही? तिकडचं टपाल, औषधं, पेशंट, सगळं याच एका विमानाने जातं. साहेब वाईट नाहीत. रोज बेटावरून शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. शेवटी म्हणाले, "ठीक. तुमची सही, तुमचा निर्णय." दार मात्र जरा जोरात उघडलं.

बाहेर कॅप्टन ऊन खात बसलेले. म्हणाले, "इंजिनिअरबाई, तुम्ही म्हणाल तर उडतो, तुम्ही म्हणाल तर झोपतो. पगार तोच." हसले. मला हसू आलं नाही.

१५ सप्टेंबर

ताईला फोन केला. समुद्र शांत आहे तोवर बोटीने ये म्हटलं. भावोजी मागून म्हणाले, "डॉक्टर पलंगावरून उठू देत नाहीत, बोट कसली!" ताई म्हणाली, "येईल गं तुझी नळी. अजून वेळ आहे. मी थांबते."

दुसऱ्या कंपन्यांकडे विचारलं. एकीचं विमान आमच्यासारखंच जागेवर. दुसरीचं तिकडे उतरणारच नाही.

१९ सप्टेंबर

नळी नाही.

२२ सप्टेंबर

कारखाना: "पुढच्या आठवड्यात." मागच्या आठवड्यातही हेच म्हणाले होते.

डाग रोज पाहते. पुसते. रोज नाही येत. दोन दिवस आलाच नाही, तेव्हा वाटलं, आपण उगीचच साप साप म्हणून भुई धोपटतोय. पेन हातात घेतलं होतं. इंजिन आणखी एकदा चालवलं, आणि आला.

आई विचारत नाही. जेवताना फक्त म्हणाली, "तुझ्या वडिलांनाही असंच. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे."

२६ सप्टेंबर

काय झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या मीच वेगळं आठवायला नको.

सकाळी भावोजींचा फोन, थेट हँगरमध्ये. ताईला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश आहे. अंगावरून जातंय. डॉक्टर म्हणतात इथे ऑपरेशन होणार नाही, हलवा. "पाठव," भावोजी म्हणाले. "काहीही कर, पण पाठव." मागे ताईचा आवाज येत होता. शब्द नव्हते.

साहेबांनी आधीच हेलिकॉप्टर मागितलं होतं. ते एका बुडत्या जहाजाकडे गेलेलं. कधी परतेल सांगता येत नाही. वारा वाढत होता.

कॅप्टन जॅकेट घालूनच आले. "सही द्या बाई. मी आणि नर्स जातो. नखाएवढी तर ओल, आणि अर्ध्या तासाचं तर उड्डाण आहे."

"आग लागायला अर्धा तास लागत नाही."

"मला लागेल ती आग. मी तयार आहे."

"नर्स? आणि येताना ताई?"

नर्स दारातच उभी होती, पिशवी घेऊन. वय कोवळं. ती म्हणाली, "मी जाते ना. खरंच जाते." तिला काय माहीत ती कशाला हो म्हणतेय!

मी झाकण उघडलं. पुसलं. इंजिन चालवलं. घाईने आरसा धरला. देवा, कोरडं असू दे — इतकं मी परीक्षेच्या निकालालाही म्हटलं नव्हतं. बंद केलं. थांबले.

होता. नखाएवढा.

साहेब म्हणाले, "तुमची सख्खी बहीण आहे." रागाने नाही म्हणाले, विनवल्यासारखं म्हणाले. "कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

तेवढ्यात डोक्यात काय काय येऊन गेलं. ताई स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेली असणार. खाली पाणी. आणि उजव्या पंखाखालून धूर. दुसऱ्या बाजूने ताई, तिथे पलंगावर, वाट बघत. आणि तिसरंही आलं — ही ताई नसती, बेटावरची कोणी अनोळखी बाई असती, तर मी इतका वेळ उभी तरी राहिले असते का? तिच्यासाठी जे 'नाही', ते हिच्यासाठी 'हो' कसं?

"नाही," म्हणाले. आवाज आपलाच वाटला नाही.

कॅप्टननी जॅकेटची चेन खाली ओढली.

भावोजींना मीच सांगितलं. बोटीने निघा म्हटलं. ते म्हणाले, "तू नाही म्हणालीस?" दोनदा विचारलं. मग फोन ठेवला.

२७ सप्टेंबर

ताई वाचली.

मुलगी झाली होती, बोटीवर, बंदर दिसायला लागलं तेव्हा. रडली नाही.

२८ सप्टेंबर

हॉस्पिटल. ताई झोपेच्या औषधात. चेहरा कागदासारखा. मी पायाशी बसले. आई उशाशी, हात तिच्या केसांत.

बाहेर भावोजी भिंतीला टेकून उभे. मला बघून म्हणाले, "तुझं विमान सुखरूप आहे ना?"

आणि उत्तराला न थांबता ते आत गेले.

डॉक्टरीणबाईंना विचारलं — विमान असतं तर? चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "तीन-चार तास आधी हाती लागती तर... कदाचित. खात्रीने नाही सांगता यायचं." डाग बघून घाई म्हणाला होता तेच.

१ ऑक्टोबर

नळी आली. साधं खोकं. वीतभर लांब. एवढीशी!

बदलायला माझे हात हवेत असं काही नव्हतं. घाई म्हणाला, "मी करतो बाई, तुम्ही बसा." नको म्हटलं. जुनी सोडवली, नवी बसवली, जोड आवळले, तार बांधली. इंजिन चालवलं. पुन्हा पुन्हा पाहिलं.

जुनी नळी हातात फिरवून पाहिली. भिंगातून पाहिली. मला काही दिसलं नाही. पण असे तडे डोळ्यांना दिसत नाहीतच. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेला पाठवली.

सही केली. कॅप्टन औषधं घेऊन बेटावर गेले. विमान ठिपका होईपर्यंत बाहेर उभी राहिले. मग हात धुवायला गेले आणि तिथेच, नळ सोडून, पोटभर रडले.

५ ऑक्टोबर

ताईला घरी आणलं, आमच्याकडेच. प्रवासाला आणखी काही दिवस बंदी आहे. भावोजी बेटावर परत गेले, दुकान किती दिवस बंद ठेवणार. जाताना आईच्या पाया पडले. माझ्याकडे बघितलं नाही.

ताई बोलते. पाणी दे, पंखा कमी कर, उशी दे. बस. त्याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटतं, शिव्या दे गं, मार. लहानपणी तर वेणी ओढायचीस.

झबली कुठेच दिसत नाहीत. आईला विचारायचा धीर नाही.

१० ऑक्टोबर

आज ताई खिडकीत बसून होती. रस्त्यावरून एक बाई लेकराला कडेवर घेऊन गेली. ताई तिला नजरेआड होईपर्यंत बघत राहिली. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "तुझा चहा गार झाला."

१६ ऑक्टोबर

प्रयोगशाळेचं उत्तर आलं.

साहेबांनी बोलावून, बसवून, मग सांगितलं. नळी चांगली होती. जोड पक्का. तडा नाही, भेगही नाही. खेप तीच, पण हा नग धड निघाला. ओल होती ती वंगणाची — वरच्या एका सीलमधून, इंजिन तापल्यावरच, थेंब थेंब उतरणारी. दोन महिने चाललं असतं. सहा महिने चाललं असतं. त्याने आग लागत नाही.

मी वर पाहिलं होतं! वर कोरडं होतं. थंड इंजिनात कोरडंच असणार.

साहेब म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मी तसं वरही कळवलंय." खरंच कळवलं असणार. माणूस वाईट नाही.

कॅप्टन फाटकापर्यंत बरोबर चालत आले. "बाई, नळी चांगली आहे हे आज कळलं. त्या दिवशी माहीत नव्हतं. माहीत नसताना सही करतात ते इंजिनिअर मी पाहिलेत. त्यांच्याबरोबर उडणारेही पाहिलेत. आता दिसत नाहीत."

पटतं. अक्षर न् अक्षर पटतं. आणि काडीचा उपयोग होत नाही.

उद्या तसाच पेशंट असेल, तसाच डाग असेल, तर? नाहीच म्हणेन. हेच तर भयंकर आहे. चूक झाली असती तर सुधारता तरी आली असती.

१७ ऑक्टोबर

ताईला सांगायलाच हवं. तिला हक्क आहे. कागदावर एक आणि तोंडात एक, हे मला जमत नाही, कधी जमलं नाही. आईला सांगितलं आधी. आई भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "सांगायचं तर सांग. पण आपलं मन हलकं करायला सांगू नकोस."

उद्या सांगते.

१८ ऑक्टोबर

मी तोंड उघडायच्या आत ताईनेच विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला होता, गच्च.

"ती नळी फुटणारच होती ना गं?"

"हो," म्हणाले. "काढली तेव्हा बोटाला लागत होता तडा."